मोजणीत न धरलेली शेगडी

माझे पाय उठेनात. नात रडायची थांबली होती आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. दाराला लागून बाज, बाजेवर सून, तिच्या कुशीत अजून पाचवी न पुजलेली पोर. कोपऱ्यात शेगडीपाशी सुनेची आई भिंतीला टेकून झोपल्यासारखी. "विहीणबाई" म्हणून हाक मारायला गेले, तर आवाज घशातच राहिला. बाहेर भर दुपार होती. तेवढ्यात दारापलीकडे बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि दारावर लाथ बसली. मग आणखी एक. दाराखाली कोंबलेली गोधडी सरकली आणि धूरबाई आत आली, पायात चपला तशाच. एरवी ती उंबऱ्याबाहेर चपला काढून "येऊ का, मावशी?" विचारायची आणि हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही.

धूरबाई हे नाव मीच ठेवलं. आमचा पाडा मरोळच्या मागे, जंगलाला लागून. ती कुठल्या तरी संस्थेकडून यायची. गळ्यात हवा तपासायचं काडेपेटीएवढं यंत्र, खांद्याच्या पिशवीत हुकाचा काटा. आली की आधी मोळी काट्याला लटकवायची. चुलीत किती गेलं, सिलिंडर किती दिवस पुरला, दिवे किती, सगळं विचारायची. मी म्हटलं, "हे कशाला गं?"

"तुमच्या घरातून आकाशात काय जातं ते मोजते."

"जातं ते जाऊ दे. घरात काय येतं ते बघ."

ती हसली. म्हणाली, "टॉवरमधल्या घरांपेक्षा तुमचं खूप कमी जातं, मावशी."

"मग तिकडे जा की."

"तिकडे वॉचमन सोडत नाही."

बाई भित्री. पाल दिसली की किंचाळायची. बिबळ्याच्या धाकानं ऊन उतरायच्या आत रस्त्याला लागायची. पाड्यातल्या बाया तिला मुद्दाम म्हणायच्या, "काल तुमच्याच वाटेवर बसला होता, बाई." तिचा चेहरा उतरायचा. पण दुसऱ्या खेपेला काटा घेऊन हजर.

"झाकण ठेवा, मावशी," हे तिचं पालुपद. भातावर झाकण, डाळीवर झाकण. लाकूड वाळवूनच लावा. तिनं आणलेली नवी चूल खरंच कमी खायची. मोळी जास्त दिवस पुरायला लागली आणि माझा खोकला निम्म्यावर आला. मी एकदा फुशारकीनं म्हटलं, "बघ, धूरच नाही आता." तर म्हणाली, "न दिसणारा पण असतो. दिसणाऱ्या धुराला माणूस निदान खोकतो." मी म्हटलं, "पालीला भितेस, आता न दिसणाऱ्यालाही भी."

"आणखी काय जाळता?" ती दर खेपेला विचारायची. आम्ही सांगायचो, काही नाही. खोटं नव्हतं. चूल म्हणजे जाळणं. बाळंतिणीची शेगडी म्हणजे बाळंतपण. तिला जाळण्यात कोण धरतं?

सून दवाखान्यातून घरी आली आणि तिची आई गावाहून आली. शेकशेगडी आईनंच करायची, रीतच ती. तिच्या गावी शेगडीत लाकडाचे निखारे घालत. ते धुमसत, डोळे चुरचुरत, म्हणून दार थोडं किलकिलं ठेवावं लागे. इथे सुनेनं तिला सांगितलं, आमच्या घरी आता धूर करत नाहीत. मग विहीणबाईंनी इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळसा आणवला. फुलवला, ओवा टाकला, शेक दिला. मग शेगडी कोपऱ्यात सरकवून जवळ बसल्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलं, फटीत गोधडी कोंबली. मी भांडी घासून आत आले, गोधडी परत कोंबली, तेव्हा मला म्हणाल्या, "बघा विहीणबाई, धुराचा पत्ता नाही." खरंच नव्हता. मी पण टेकले. डोकं जड झालं, ते मी उन्हावर ढकललं.

धूरबाई त्या दिवशी मोळी तोलायलाच आली होती. दारापाशी गळ्यातलं यंत्र ओरडायला लागलं. तिनं आधी पोर उचलली. मग सुनेला काखेत हात घालून ओढलं. मग मला, दंडाला धरून, फरफटत. तोवर शेजारचे धावले. उन्हात पोर निळसर दिसत होती. धूरबाईनं तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. किती वेळ, मला कळलं नाही. मग पोर रडली. तसलं रडणं मी आजवर ऐकलं नाही.

धूरबाई अंगणात बसली. "मी शेगडी विचारलीच नाही," एवढंच म्हणत होती.

मी म्हटलं, "विचारली असतीस तरी आम्ही सांगितली नसती."

त्यानंतर ती आमच्याकडे एकदाच आली. काटा आणला नव्हता. पोरीला मांडीवर घेतलं नाही, लांबूनच बघितलं. आता दुसऱ्या पाड्यांवर जाते. तिथल्या बाया सांगतात, घरात शिरली की पहिलं विचारते, "कोणी गरोदर आहे का?" मोळी नंतर.

मी भातावर झाकण ठेवते. दार थंडीतही उघडं ठेवते. मुलगा ओरडतो, "आई, बिबळ्या येईल." बिबळ्या निदान दिसतो.

त्या खोलीत आम्ही चौघी होतो. सून जगली, नात जगली, मी जगले. विहीणबाई नाही.