सोजराबाईंचा गारा

नाटकात चाळीस वर्षं काढली, त्यामुळे पडदा उठण्याआधीची शांतता मला ओळखता येते. देऊळघाटच्या अंगणवाडीत त्या गुरुवारी तीच शांतता होती.

गीताबाई तिथल्या सेविका. बावीस वर्षं दर गुरुवारी त्या मातीत पाणी ओतून गारा करतात आणि लेकरांना त्यात मोकळं सोडतात. लेकरू आधी एक बोट बुडवतं, मग मूठ दाबतं, बोटांमधून पाणी पळालं की डोळे विस्फारतं. ओलं, कोरडं, जड, हलकं हे सारं तोंडाच्या आधी हाताला कळतं. मी तिथे गोष्टी सांगायला जातो. पण गाऱ्यापुढे माझी गोष्ट कोण ऐकतो!

दारात सोजराबाई उभ्या होत्या. नातीचं मनगट घट्ट धरलेलं. समता तीन वर्षांची होत आलेली, अंगात पांढराशुभ्र फ्रॉक.

“गीता, इचं नाव काट. तीस वर्षं वीटभट्टीवर गारा तुडवला मी. हे नखं पाह्य माह्ये. माही नात चिखलात हात नाही घालणार.”

“मावशी, हे खेळणं हाय, मजुरी नाही.”

“मले नको शिकवू व! काट म्हणतो ना.”

तीन आठवडे समता हात पाठीमागे बांधून नुसती बघत बसे. आज तिचा मोकळा हात उघडत होता, मिटत होता. नजर घमेल्यावर. आज गेली तर ती पुन्हा येणार नाही, हे गीताबाईंना ठाऊक होतं. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, आणि दुसऱ्या हाताने घमेल्यात पाणी ओतलं. फार ओतलं. माती कालवली तशी ती गोंदासारखी त्यांच्या बोटांना चिकटली.

“अव माय! काळ्या मातीचा गारा? ते हाताले सोडते काय? पांढरी पायजे, अन् भुसा!”

“पांढरीचं पोतं हाय कोपऱ्यात. पण मले अंदाज जमत नाही, मावशी.”

“बावीस वर्षं झाले अन् जमत नाही? सरक तिकडं!”

मुद्दाम चुकणं हे नटाचं सगळ्यात अवघड काम. गीताबाई मुद्दाम चुकल्या की खरोखर, मला आजही सांगता येत नाही.

सोजराबाईंनी पदर खोचला. गारा मळायला दोन हात लागतात. मनगट सुटलं.

समताने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. फ्रॉकवर एक ठिपका पडला, मग पाच. सोजराबाईंचा हात वर गेला.

समता एक गोळा थापत होती. थाप, थाप, थाप. चपटा होत चालला होता.

सोजराबाईंचा हात तसाच वर. आवाज फाटला. “वीट केली काय व?”

समताने नाही अशी मान हलवली. “भाकल,” म्हणाली, आणि गोळा आजीपुढे धरला.

हात हळूहळू खाली आला. सोजराबाईंनी ती भाकर घेतली, तोंडाजवळ नेली, खोटंखोटं चावली.

गीताबाईंनी रजिस्टर पुढे केलं. “काटू काय मग नाव?”

“घाई काऊन करते व? येत्या गुरुवारी जुना फराक घालून आणतो इले. अन् भुसा मी आणतो. तुले नाही समजत.”