क्लब धुळ्याला गेला, रोट जळगावात राहिले

बेबाअक्कांना फुटबॉल कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या शेजारी बसून सामना बघायला हवा होता. त्यांना फक्त ऑफसाइड कळत नसे, आणि तो रेफ्रीलाही कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. बाकी कोणाचा गुडघा दुखतोय, कोण घरी भांडून आलाय, कोण रिकाम्या पोटी धावतोय, हे त्यांना कुंपणाबाहेरून दिसायचं. दिसलं की त्या तिथूनच हाक मारायच्या आणि खेळाडू चेंडू सोडून त्यांच्याकडे बघायचे. अशाने एकदा गोलही झाला होता, आपल्यावरच. त्याबद्दल अक्कांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

'तापी स्पोर्टिंग' हा जळगावचा क्लब. पगारी खेळाडू, राज्याच्या लीगमध्ये नाव, आणि जर्सी अशी पिवळीधमक की सगळं गाव त्यांना 'केळीवाले' म्हणायचं. डाळीचे व्यापारी दीपचंदशेठ यांनी तो हौसेपोटी काढला आणि हौसेपोटीच चालवला. खेळाडू मैदानामागच्या एका जुन्या गोदामात राहायचे. तिथल्या मेसवर बेबाअक्का पगारी स्वयंपाकीण होत्या, पण त्यांचा थाट बघून नवा माणूस त्यांनाच क्लबची मालकीण समजायचा. मेसला शेठजींच्या घरचा नियम लागू, म्हणजे अंडं नाही आणि मटणही नाही. लांबून आलेली पोरं पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं करायची आणि पुढे शेवभाजीचं पातेलं पुसून खायची. मणिपूरचा गोलकीपर तोम्बा तर वर्षभरात "अक्का, बठ्ठं सरी गयं" असं, म्हणजे सगळं संपलं असं, रिकामी वाटी दाखवत म्हणायला शिकला होता.

अक्कांनी मेसमध्ये कधी वजनकाटा वापरला नाही. सकाळी पिठाच्या डब्यात हात घालायचा, एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याची मूठ परातीत टाकायची. तोम्बाची मूठ, ललितची मूठ, साक्रीकडच्या त्या दोघा चुलतभावांच्या मुठी. कोणी गावी गेला असेल तर त्याचं नाव नाही आणि पीठही नाही. यामुळे पोळ्या कधी कमी पडल्या नाहीत, हे खरं. पण वर्षानुवर्षं असं चालल्यावर व्हायचं तेच झालं. हात धान्यात गेला की तोंडातून नावं आपोआप यायची, मग अक्कांचं लक्ष भलतीकडे का असेना.

यंदाच्या उन्हाळ्यात दीपचंदशेठ थकले आणि क्लब त्यांच्या नातवाच्या, रोनकच्या, ताब्यात गेला. रोनक मुलगा वाईट नव्हता. पुण्यात शिकून आला होता आणि त्याला घाई होती, एवढंच. आल्या आल्या त्यानं क्लबचं नाव बदलून 'खान्देश टायटन्स' केलं. पिवळी जर्सी जाऊन काळी आली. खान्देशच्या उन्हात काळे कपडे घालून पळायची कल्पना ज्याला सुचली, त्याला ते घालून दुपारी मैदानात उभं करायला हवं होतं, पण मोठ्या शहरातल्या कोणत्या तरी कंपनीनं ती सुचवली होती म्हणे. पहिले कोच गेले. दुसरे आले आणि बॅग उघडायच्या आत गेले. तिसरे केरळचे होते, ते टिकले. मग धुळ्यात दिवे लावलेलं मैदान मिळालं म्हणून अख्खा क्लबच धुळ्याला हलवला, आणि जेवणाचं काम एका कंपनीला दिलं. ही कंपनी डबे पाठवते आणि डब्यावर आतल्या पदार्थांचं वजन छापलेलं असतं.

बेबाअक्कांना निरोप म्हणून शाल, नारळ आणि रोनकसोबत एक फोटो मिळाला. फोटोत त्या हसत नाहीत. घरी येऊन त्यांनी शाल पेटीत टाकली, नारळाची चटणी केली आणि नवरा भिकन यांच्याशी दोन दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. भिकनभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी ही शांतता उपभोगली आणि तसं कबूलही केलं.

आता या सगळ्यात श्रावण आला आणि कानबाई आली. खान्देशात हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात आणि ते एकत्र दळतात. त्या पिठाचे रोट, म्हणजे पुरण भरलेल्या जाडजूड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायच्या. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही आणि रोट घराबाहेर न्यायचा नाही. उरलेल्या पिठाचे रोट रोज करून खायचे आणि पौर्णिमेच्या आत ते पीठ संपवायचं. जे उरेल ते जमिनीत पुरायचं, पण ज्याच्या नावाचं उरलं त्याचं वर्ष काही बरं जात नाही, असं अक्कांच्या घरात मानतात.

गहू मोजायला अक्का बसल्या होत्या. थोरले दीर जीवरामनाना पाटावर बसून एकेक नाव सांगत होते. भावांची झाली, पोरांची झाली, रांगणाऱ्या नातवाचंही झालं. नानांची नावं संपली आणि त्यांनी पाणी मागितलं. अक्कांचा हात मात्र थांबला नाही. "तोम्बा," त्या म्हणाल्या आणि मूठ टाकली. "ललित." पुन्हा मूठ. अख्खी टीम सुपात उतरली तेव्हा नानांचा पाण्याचा तांब्या हातातच राहिला होता.

नाना जुन्या वळणाचे. धाकट्या भावजयीशी थेट बोलायचे नाहीत, ती समोर बसली असली तरी. "भिकन," ते म्हणाले, "तिले इचार, हाऊ तोम्बा आपला भाऊबंदमा कोठला शे?"

भिकनभाऊंनी बायकोकडे बघितलं. अक्कांनी सुपाकडे बघितलं. गहू तर एकत्र झालेले, आता तोम्बाचे कुठले आणि नातवाचे कुठले ते कोण वेचणार?

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "आते काय," ते शेवटी म्हणाले, "मोजं ते मोजं. ज्यास्ना नावना गहू, त्यासनीच खावाना. आठेच. पुनीना आत. तिले सांग." म्हणजे सगळ्यांना पौर्णिमेच्या आत याच घरी बसवून खाऊ घालायचं.

"मी आनसू बठ्ठास्ले," अक्का पदराआडून म्हणाल्या.

"त्या धुयाले शेतस. कशी आनशी?" हे भिकनभाऊ विचारत होते, स्वतःच्या वतीनं.

कशी आणायची ते अक्कांनाही माहीत नव्हतं. पण कानबाईचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळ्याची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत त्या कोचशी काय बोलायचं ते ठरवत होत्या आणि पारोळ्यानंतर त्यांना झोप लागली, त्यामुळे मैदानावर जे बोलायचं ते तयारीविनाच बोलावं लागलं.

"नहीं चलेगा, अक्का," कोच म्हणाले. माणूस सभ्य होता, पण शिट्टी गळ्यात होती. "सीझन चालू है. हम एक एक ग्राम नापके खिलाते हैं."

"हमने भी नापकेच लिया है, साहेब," अक्का म्हणाल्या. "नाव लेके."

कोचना यातलं काही कळलं नाही आणि त्यात त्यांची चूक नव्हती. रोनक ऑफिसात भेटला, खुर्ची दिली, चहा दिला. "अक्का, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आता सगळं सिस्टिमनं चालतं. एकदा सूट दिली की संपलं." अक्कांनी चहा तसाच ठेवला. पोरं सरावातून लांबूनच हात करत होती. काळ्या जर्सीत सगळी सारखीच दिसत होती, आणि त्यांतला ललित कोणता ते अक्कांना ओळखता आलं नाही. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. ललितचा गुडघा मागच्या वर्षीच कापून जोडला होता. त्याच्या नावाचं पीठ उरून चालणार नव्हतं.

परत आल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. बसस्टँडवरून सरळ दीपचंदशेठांच्या घरी गेल्या आणि रोनकच्या आजीला, जतनबाईंना भेटल्या. जतनबाईंचा चौमासा, म्हणजे पावसाळ्यातलं जैन व्रत, चालू होता. उकळलेलं पाणी, सूर्यास्तापूर्वी जेवण, एक दिवसाआड उपास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा हसल्या, पण तोंड झाकून.

"रोटात कांदा-लसूण?" त्यांनी विचारलं.

"नही व माय. कानबाईले चालत नही."

"मुलं दिवस मावळायच्या आत जेवतील?"

"तुम्ही सांगशात तवय जेवतीन."

जतनबाईंनी नातवाला फोन लावला. "रोनक बेटा, मुलांची बस जळगावला पाठव," त्या म्हणाल्या. पलीकडून सिस्टिम, डाएट वगैरे ऐकू येत होतं. "तू तुझी सिस्टिम पाळ, त्यांना त्यांचा नेम पाळू दे. मी उद्या पारणं करणार आहे, त्याच्या आत मला सांग, बस निघाली म्हणून." उपाशी आजीपुढे कोणत्या नातवाची सिस्टिम टिकते?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी क्लबची बस आली. ती वळेना, म्हणून पोरं उतरून चालत आली. अंगणात रांगा बसल्या. नाना दाराशी उभे राहून प्रत्येकाला नाव विचारत होते आणि मान हलवून आत सोडत होते, लग्नात आहेराची नोंद ठेवणाऱ्यासारखे. रोट, त्यावर तूप, दूध आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. तोम्बानं तीन रोट खाल्ले. कोच पोरांवर लक्ष ठेवायला आले होते. वासानं त्यांनाही राहवेना.

"मेरे लिए भी एक," ते शेवटी म्हणाले.

"नहीं चलेगा, साहेब," अक्का म्हणाल्या. "तुम्हारा नाप नहीं लिया." त्यांना एक पेला दूध मिळालं. पुढच्या वर्षासाठी त्यांनी आपलं नाव मात्र सांगून ठेवलं.

पण अक्कांचं लक्ष रांगेतल्या एका रिकाम्या जागेकडे होतं. "ललित कोठे शे?"

तोम्बा बोलला, आणि त्याच्या तोंडून इतका कडू सूर अक्कांनी कधी ऐकला नव्हता. "वो बिक गया, अक्का. गोवा का क्लब. उसका नाम मत लो." दीपचंदशेठ बाजूला झाले तेव्हा कोणी कोणाला सोडून जायचं नाही, असं सगळ्यांनी मेसमध्ये ठरवलं होतं. पहिला शब्द ललितनंच दिला होता आणि पहिला तोच गेला. पोरांनी त्याला ग्रुपमधून काढलं होतं. क्लबच्या गावातल्या चाहत्यांनी फोनवर इतक्या शिव्या घातल्या की त्यानं फोनच बंद करून ठेवला. आता यावलला घरी होता म्हणे, आईवडिलांना भेटून तिकडूनच जाणार होता.

बस गेली. अक्कांनी डब्यातलं उरलेलं पीठ बघितलं. मग त्या बसस्टँडवर गेल्या आणि यावलच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. ललितचं घर त्या गाडीच्या रस्त्यावरच, केळीच्या बागेत मजुरांच्या घरांमध्ये. "त्याले सांगजो, तुन्हा वाटा ऱ्हाई जायेल शे," एवढाच निरोप त्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे राखी. एसटीत पाय ठेवायला जागा नसते त्या दिवशी. अक्का सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. रोट एकदा केला, गार झाला, पुन्हा गरम केला. दुपार टळली. भिकनभाऊ दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले, विडी आणायच्या निमित्तानं, आणि दोन्ही वेळा विडी न आणता आले. उन्हं उतरली तसे नाना फावडं घेऊन आले. फावडं त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं, वर बघितलंच नाही. "भिकन, तिले सांग," ते हळूच म्हणाले, "दिन मावळाले उना."

अक्का उठल्या. पदरात हात पुसला. आत जाऊन ताट घेतलं, आणि ताट घेऊन बाहेर येतात तो फाटकाशी ललित उभा. खांद्याला नवी बॅग, केस घामानं कपाळाला चिकटलेले. यावलहून उभ्यानं आला होता. फाटक उघडंच होतं, पण तो आत येत नव्हता.

"अक्का, मी आता क्लबचा नाही राहिलो," तो म्हणाला.

"मंग मी तरी कोठे शे?" अक्का म्हणाल्या. "चप्पल काढ आन् बस. थंडं व्हई ऱ्हायनं."

ललित बसला. पहिल्याच घासाला त्याला रडू कोसळलं. अक्कांनी त्याला हवं तेवढं रडू दिलं, आणि ताट पूर्ण रिकामं होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.