तांब्याच्या पट्टीवर चरे नव्हते

"हायवे बंद करायचा का, एवढंच सांगा," डीवायएसपी साहेबांनी विचारलं. विचारलं वाघमारेला. मी शेजारीच उभा होतो.

नळदुर्गजवळ एका शेतात जेसीबीच्या बकेटला जुना तोफगोळा लागला होता. गंजलेला, हातभर लांब. हायवे हाकेच्या अंतरावर. वस्तीतली माणसं आम्ही आधीच लांब नेऊन बसवली होती.

वाघमारे आणि मी बॉम्बशोधक पथकात बरोबरच आलो. एका डब्यात जेवलो. परीक्षा देऊन तो फौजदार झाला, मी हवालदारच राहिलो. चारचौघांत त्याला 'साहेब' म्हणताना अजून घशात अडकतं.

"बंदच करा," मी मध्येच बोललो. "बुडाजवळची तांब्याची पट्टी गुळगुळीत आहे."

गोळा तोफेतून सुटला की नळीतल्या आट्यांचे चरे त्या पट्टीवर उमटतात. चरे नाहीत म्हणजे गोळा उडालेला नाही. आत दारू असू शकते.

वाघमारेनं लांबूनच दुर्बीण लावून दोन्ही टोकं न्याहाळली. "सर, टोकाला स्फोट घडवणारा फ्यूज नाही. भोक आहे, मातीनं बुजलेलं. बुडालाही मधोमध तसंच. हा सबकॅलिबर असावा. सरावाचा."

साहेबांना कळेना. त्यानं सोपं करून सांगितलं. खरा गोळा महाग पडतो. म्हणून पोकळ गोळ्यात रायफलची नळी बसवायची, तिच्यात रायफलचीच गोळी. तोफेची सगळी कवायत होते, सुटते फक्त ती गोळी.

"गोळा तोफेतून बाहेर जातच नाही. म्हणून पट्टीवर चरे नाहीत," तो म्हणाला. माझाच पुरावा त्यानं स्वतःच्या खिशात घातला. वर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पण भोसले म्हणतो ते बरोबर. एक्स-रे होईपर्यंत हायवे बंद ठेवा."

जाड सूट चढवून तो एक्स-रेची प्लेट लावायला गेला. शेतमालक आजोबा माझ्याजवळ आले. "ते साहेब लई हुशार दिसत्यात."

"व्हय," मी म्हणालो.

एक्स-रेत भरलेला गोळा दिसावा, असं मला मनापासून वाटत होतं. मागं अख्खी वस्ती लेकराबाळांसकट बसली होती. तरीही वाटत होतं.

फोटोत सरळ, बारीक नळी दिसली. भोवती पोकळ. नळीत मात्र एक गोळी अडकलेली, न उडालेली. खड्डा करून, स्फोटकाचा छोटा चार्ज लावून आम्ही गोळा लांबूनच फोडला. हायवे सुरू झाला. साहेबांनी वाघमारेची पाठ थोपटली.

जीपमध्ये तो म्हणाला, "तू पट्टी दाखवलीस, म्हणून मला सुचलं रे."

हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

धडा एवढाच. जमिनीतून निघालेला गोळा सरावाचा असला तरी हात लावू नये. आतली गोळी खरी असते.