पाटापलीकडचं वसतिगृह

आमचं कॉलेज विद्यापीठ झालं आणि मुलींचं नवं वसतिगृह पाटाच्या पलीकडे गेलं. अलीकडे जागाच उरली नव्हती. खेळाच्या मैदानावर फार्मसीची इमारत आली, सायकलस्टँडच्या जागी नर्सिंगची, आणि मग संस्थेनं पलीकडची उसाची जमीन घेतली. मी रेक्टर म्हणून तिकडे राहायला गेले. मी मूळची श्रीरामपूरची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा ही नोकरी मी धरली, कारण नोकरीसोबत राहायला दोन खोल्या मिळत होत्या.

पूर्वी आमच्याकडच्या मुली राहुरीच्या, नेवाशाच्या, फार तर बीडच्या. शनिवारी एसटीनं घरी जायच्या आणि सोमवारी चिवड्याचे डबे घेऊन यायच्या. विद्यापीठ झाल्यावर दोन वर्षांत चित्र पालटलं. मणिपूर, बिहार, केरळ इथल्या मुली आल्या आणि नंतर आफ्रिकेतल्या. मला त्यांची भीतीच वाटली होती, कारण माझं इंग्रजी शाळेच्या मास्तरीणबाईंइतकंच. पण मुलींनी भाषेची सोय आपसातच लावली. सगळ्यांत पुढं होती ती नर्सिंगची टांझानियाची मुलगी. उंच, सडपातळ, हसली की सगळ्या पडवीत ऐकू जायचं. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायांजवळ बसून ती मराठी शिकली, म्हणून बोलायचीही त्यांच्यासारखीच. "बाई, आज भाजी लई तिखट हाय," असं ती ताट घेऊन सांगायची, तेव्हा नेवाशाच्या पोरी हसून हसून वाकायच्या. त्या बाया मला बाई म्हणत, म्हणून तीही बाई म्हणायची.

एका रविवारी ती माझ्याबरोबर श्रीरामपूरला चर्चमध्ये आली. उपासना होईपर्यंत सगळं चर्च मान वळवून तिच्याकडे बघत होतं, आणि संपल्यावर चार घरांतून जेवायचं आमंत्रण आलं. परतताना स्टँडवर मात्र पोरांनी मोबाईल काढले. एकानं तर आमच्या पुढ्यात येऊन तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढला, न विचारता. मी त्याला हाकललं. बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "मी काय जत्रंतली हाय का, बाई?"

लायब्ररीपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता पाटाच्या कडेनं येतो. दोन्ही अंगाला डोक्यापेक्षा उंच ऊस. खांब उभे केले होते, पण त्यांवर तारा नव्हत्या. हिवाळ्यात प्रॅक्टिकल संपेस्तोवर अंधार पडायचा. त्यात त्या भागात बिबट्या दिसल्याची बोलवा होती. शेजारच्या शेतकऱ्याचं कुत्रं गेलं होतं. मी दर मीटिंगला दिवे मागायची, निदान संध्याकाळी एखादी गाडी तरी सोडा म्हणायची. कुलसचिव सर वाईट माणूस नव्हते. ते ऐकून घेत, मान डोलवत आणि म्हणत की वरून तपासणीला कमिटी येतीय, ती एकदा जाऊ द्या, मग सगळं करू. कमिटीसाठी मुख्य फाटकाला कॅमेरे बसले, कारंजं सुरू झालं. पाटाच्या रस्त्यावर मुलींनी घोळक्यानं यावं, एवढी एक सूचना निघाली.

त्या संध्याकाळी घोळका आला आणि टांझानियाची मुलगी त्यात नव्हती. बरोबरीच्या मुली म्हणाल्या, घरून फोन आला होता, आई आजारी आहे, तुम्ही व्हा पुढं म्हणाली. मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला तर बंद. मी वॉचमनला घेऊन बॅटरीच्या उजेडात पाटाच्या रस्त्यानं निघाले. अर्ध्या वाटेवर तिची बॅग पडलेली होती, पट्टा तुटलेली. पुस्तकं मातीत विखुरली होती. वॉचमननं आजूबाजूला उजेड टाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बिबट्या वाघच हाय हा."

मी तिथंच पाटाच्या कठड्यावर बसले. आधी ऑफिसला कळवू म्हणत वॉचमन माझ्या हातातला फोन घ्यायला लागला, तेव्हा मी तो ओढून परत घेतला आणि पोलिसांना लावला.

थोड्याच वेळात गावातले लोक आले, मुलांच्या वसतिगृहातली पोरं आली. चांगली माणसं होती ती, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणी पत्र्याचे डबे बडवत होतं, कोणी फटाके लावत होतं. शेतकऱ्यानं स्वतःचा ट्रॅक्टर आणून उसाकडे तोंड करून दिवे लावले. उभ्या पिकात माणसं घुसत होती, पण तो एका शब्दानं बोलला नाही. मला आत जाऊ दिलं नाही. बायांचं काम नाही म्हणाले. मी रस्त्यावर उभी राहून ते आवाज ऐकत होते आणि प्रार्थना म्हणायचा प्रयत्न करत होते. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, पहिल्या ओळीच्या पुढं सरकत नव्हती. मनात फक्त तिच्या बापाचा विचार येत होता. त्याला मी कुठल्या भाषेत सांगणार होते?

कुलसचिव सर गाडीतून आले. पोलिसांना आत्ताच कळवायला नको, आधी आपण शोधू, परवा कमिटी आहे, असं काहीसं म्हणू लागले. मी कळवलंय म्हटल्यावर ते कोणाला तरी फोन लावत गाडीकडे परत गेले.

पोलीस अजून पोचले नव्हते. त्या तुकड्यात काही सापडलं नाही, तशी माणसं पाट ओलांडून दुसऱ्या रानाकडे गेली. रस्ता मोकळा झाला. बॅग पडली होती तिथून थोडं पुढं उसात एक फट दिसत होती. कोणाला न विचारता मी आत शिरले. पात्यांनी हात चिरत होते. मी तिला मराठीतच हाका मारल्या. अगं, मी आहे, बाई आहे, एकटीच आहे, असं काहीबाही बडबडत पुढं सरकत गेले.

"बाई, मी हितं हाय."

आवाज इतका जवळून आला की मी दचकले. ती पाण्याच्या चारीत पडलेली होती, एक पाय अंगाखाली मुडपलेला. चेहरा पात्यांनी ओरबाडलेला, तोंडावर चिखल. मी वळून वॉचमनला हाक मारणार, तोच तिनं माझं तोंड हातानं दाबून धरलं. तिचा हात गार पडला होता.

"त्यांला नको बोलवू," ती म्हणाली. "पुरुष कोणी न्हाई."

मग मी मेसच्या बायांना फोन केला. त्या चादर घेऊन धावत आल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला त्या चादरीत घालून बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर पोरांनी आनंदानं गलका केला आणि तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातल्यावर तिनं सांगितलं. मोटरसायकलवर दोघं होते, तोंडाला रुमाल बांधलेले. आधी मागून हळूहळू येत राहिले, मग आडवे आले. एकानं बॅग धरली. ती बॅग सोडून उसात पळाली आणि चारीत पडली, हातातला फोन पाण्यात गेला. ते आत आले होते, काही वेळ शोधत होते. मग गेले. तिला उठता येईना. त्यानंतर पुरुषांचे आवाज आले, बॅटऱ्या आल्या, फटाके वाजले. आमची माणसं तिच्या हाताच्या अंतरावरून गेली. ती स्वतःचं तोंड दाबून पडून राहिली.

मी विचारलं, तुझं नाव घेऊन हाका मारत होते की गं सगळे.

"आवाज तसलेच हुते, बाई," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

पोलिसांनी जबाब घेतला. रुमालामुळं चेहरे कळले नाहीत, गाडीचा नंबर नव्हता, आणि कॅमेरे होते ते सगळे फाटकाकडे. गावातली म्हणे विद्यापीठाचीच पोरं असतील, विद्यापीठ म्हणे गावातली असतील. शेवटपर्यंत कोणी सापडलं नाही. तिच्यामागं दुसरंच भय लागलं होतं. केस लांबली तर व्हिसाचं काय, हे ती मला सारखं विचारायची आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

विद्यापीठानं नवा नियम काढला. सहाच्या आत सगळ्या मुली वसतिगृहात. मुलांना काही नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, ती मागं थांबलीच का? मी म्हणाले, आईला बरं नव्हतं म्हणून. पुढं बोलायचं होतं, पण तेवढ्यात पुढचा विषय सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मुली आत यायला तयार होईनात. मणिपूरच्या, बिहारच्या, आपल्या राहुरीच्या, सगळ्या पाटाच्या रस्त्यावर बसल्या. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले. दोन संध्याकाळी असंच गेलं. मग पालकांना फोन गेले. जवळच्या गावांतले बाप मोटरसायकली घेऊन आले आणि आपापल्या मुलींना उठवून घेऊन गेले. लांबच्या तेवढ्या उरल्या. त्या मुकाट्यानं उठून आत आल्या.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा मला फोन आला. सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलत होते, माझ्यासाठी. ती नीट सांगत नाही, म्हणाले. तुम्ही रोज तिच्याजवळ असता. माझी मुलगी तिथं सुरक्षित आहे का? खिडकीतून मला ते बिनतारांचे खांब दिसत होते. मी म्हणाले, तिला घरी बोलवून घ्या.

हे तिला कळलं तेव्हा ती माझ्यावर संतापली. तिचं एकच वर्ष राहिलं होतं. घरच्यांनी शेत विकून तिला पाठवलं नव्हतं की कसलं कर्ज काढलं नव्हतं, पण तिच्या गावातून परदेशी शिकायला निघालेली ती पहिली मुलगी होती, आणि तिला शिकून परत जायचं होतं. "मला त्या पोरांनी न्हाई घालवलं," ती म्हणाली. "तुमी घालवलं." मी समजावू लागले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

विमानतळावर सोडायला मीच गेले. कुबड्या सांभाळत ती रांगेपर्यंत गेली, मग थांबली. तिच्याच देशाची एक धाकटी मुलगी आमच्याकडे पहिल्या वर्षाला होती.

"तिला रस्त्यावर एकटं सोडू नका," ती म्हणाली. "दिवे लागले तरी."

दिवे पावसाळ्यानंतर लागले. तोवर मणिपूरच्या दोघी पुण्याला निघून गेल्या होत्या. मी अजून तिथंच आहे. जायला दुसरी जागा नाही, आणि मी गेले तर पाटाच्या रस्त्यावर संध्याकाळी कोण जाईल, हेही मनात येतं. लायब्ररी बंद व्हायच्या वेळेला मी रोज तिथं जाऊन पायरीवर बसते. मुली येतात, धाकटी सगळ्यांत शेवटी. आम्ही एकत्र परत येतो. मागून गाडीचा आवाज आला की बोलणं तुटतं आणि गाडी पुढं जाईपर्यंत कोणीच बोलत नाही.

तिला मी नाताळला मेसेज केला होता. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. तिकडच्या कॉलेजनं आमच्याकडची वर्षं धरली नाहीत. तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली आहे.