वेलियाच्या घरचं फूल

वेलिया केल्लीनीला वस्तीत कुणी मूर्ख म्हणत नसे, आणि मूर्ख ती नव्हतीच. पण शहाण्यांच्या संगतीत अर्धं आयुष्य काढलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं विसरतं, तसं तिचं झालं.

सिएनात फोंतेब्रांदाच्या उतारावर, संत कातेरीनाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तिचा जन्म. बाप कातडी कमवायचा, नवराही त्याच धंद्यातला. नवरा लवकर गेला आणि पदरात ओर्नेल्ला ठेवून गेला. मग वरच्या गल्लीतल्या कातेरीना अध्ययन मंडळात वेलियाला काम मिळालं. दारं उघडायची, पुस्तकांवरची धूळ झटकायची, सभा असली की कॉफी करायची. मंडळ म्हणजे काही निवृत्त मास्तर, दोन-तीन पाद्री, खानदानी घरांतल्या विधवा, आणि या सगळ्यांचे प्रमुख प्रोफेसर व्हान्नीनी. ही मंडळी शेकडो वर्षांपूर्वी वारलेल्या एका रंगाऱ्याच्या पोरीवरून, म्हणजे या संत कातेरीनावरून, असं तावातावानं भांडत की वाटावं, ती कालच समोरून गेली. वेलिया दाराआड उभी राहून ऐके. सगळं कळत नसे, पण आपल्या गल्लीतल्या पोरीनं पोपला खडे बोल सुनावले, याचा तिला केवढा अभिमान!

घरी येऊन ती तेच ओर्नेल्लाला सांगे. इतर आया पऱ्यांच्या गोष्टी सांगत, ही कातेरीनाच्या सांगे. कातेरीनाला अन्न नकोसं झालं होतं, देवाच्या प्रसादावर ती राहायची, वगैरे. पोरीला घास भरवता भरवता ही बया उपाशी संतिणीची गोष्ट सांगायची! पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात येणार?

एकदा तिनं पोरीला सान दोमेनिकोच्या चर्चमध्ये नेलं. कातेरीनाचं शिर तिथं जपून ठेवलंय, धड रोमला आहे.

"म्हणजे पोट रोमला?" ओर्नेल्लानं विचारलं.

"हो गं बाई."

"मग इथं तिला भूकच लागत नसेल. बरंय."

वेलिया पोट धरून हसली आणि पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला हे सांगत सुटली.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्याकडे पोरं फूल वाहतात. बागेतलं फूल नव्हे. आवडीची एखादी गोष्ट सोडायची आणि मनातल्या मनात देवाला द्यायची, त्याला आम्ही फ्योरेत्तो म्हणतो, म्हणजे छोटंसं फूल. नेमकी त्याच दिवसांत चौकात तांदळाची गोड भजी तळतात, त्यामुळे बहुतेकांची फुलं पहिल्या रविवारीच कोमेजतात. ओर्नेल्लाचं नाही कोमेजलं. एका वर्षी तिनं साखर सोडली, पुढच्या वर्षी मांस. वेलियाला मूठभर मांस चढलं. तिनं मंडळात सांगितलं, तर प्रोफेसर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे तुमच्या घरी धाकटी कातेरीना आहे म्हणायची!"

कौतुकासारखं दुसरं खत नाही. शाळा संपली तसं प्रोफेसरांनी ओर्नेल्लाला मंडळाच्या ग्रंथालयात मदतीला घेतलं. ती वाचायला लागली, टिपणं काढायला लागली, आणि त्या वर्षीच्या उपासात तिच्या ताटलीत नुसता पाव आणि पाला उरला. वेलिया मनात म्हणाली, होईल ईस्टर, मग बघते.

ईस्टर आला. वेलियानं कोकराचं मटण भाजलं, बटाटे घातले, घरभर वास सुटला. ओर्नेल्लानं मटणाचा तुकडा काट्यानं या कडेचा त्या कडेला नेला.

"झाला ना ईस्टर? आता घे की."

"माझं फूल अजून पुरं झालं नाही, आई."

"ईस्टरनंतर कसलं फूल गं?"

"ज्याला वाहिलंय तो सांगेल की मला, पुरे म्हणून."

वेलियाच्या हातातला डाव हातातच राहिला. फूल नेहमी कुणासाठी तरी वाहिलेलं असतं. आजारी आजोबांसाठी, कुणाच्या सद्गतीसाठी. ते कुणासाठी हे फूल पुरं होईपर्यंत वाहणाऱ्यानं सांगायचं नाही आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही, विचारलं तर वाया जातं, असं आम्ही मानतो. प्रश्न वेलियाच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला. दुसऱ्या कुठल्याही गावची आई असती तर तिनं टेबलावर मूठ आपटून विचारलं असतं.

खालच्या मजल्यावर आर्जियाचं भाजीचं दुकान. आर्जियाच्या जिभेला हाड नाही.

"अगं वेलिया, तुझी पोर म्हणजे नुसती केरसुणी झालीय. वाऱ्यानं जाईल एक दिवस."

"वाचते ती. वाचणारी माणसं बारीकच असतात."

"मग तो तुझा प्रोफेसर का गं भोपळ्यासारखा?"

वेलिया हसली. पण घरी आल्यावर तिनं पोरीकडे नीट पाहिलं. जून महिना, उकाड्यानं सगळे हैराण, आणि ओर्नेल्ला लोकरीचा स्वेटर घालून खिडकीत बसली होती. चढण चढताना ती आता मध्ये थांबायची आणि भिंतीला हात लावून उभी राहायची. कुणी आलं की भिंतीवरची जाहिरात वाचत असल्याचं सोंग करायची.

जुलैत घोड्यांच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वस्तीचं जेवण होतं, गल्लीत लांबच लांब टेबलं लावून. ओर्नेल्ला वाढायला होती. "अजून घ्या ना, एवढंसंच घेतलंत!" असा आग्रह करत ती सगळीकडे फिरत होती आणि म्हाताऱ्या तिला आशीर्वाद देत होत्या, काय गुणाची पोर म्हणून. वेलिया मात्र तिच्या डोळ्यांकडे बघत होती. खाणाऱ्यांच्या तोंडाकडे ओर्नेल्ला अशी टक लावून पाहत होती, की वेलियाला आपल्याच पोरीची भीती वाटली.

शेवटी वेलिया तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि इस्पितळात दाखल व्हायला सांगितलं. पोर सज्ञान, ती नको म्हणाली. डॉक्टर वेलियाला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय दमलंय तिचं. अशीच राहिली तर पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही."

मग वेलिया प्रोफेसरांकडे गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीत ती ट्रेशिवाय कधी शिरली नव्हती.

"प्रोफेसर, तिला जेवायला सांगा. माझं ऐकत नाही ती, तुमचं ऐकेल."

"बसा, सिन्योरा वेलिया. अशी घाई करू नका. मुलगी विचारी आहे. आजकालचे डॉक्टर दिसेल त्याला रोग म्हणतात. कातेरीनालाही यांनी गोळ्याच दिल्या असत्या!"

"कातेरीना तेहतिसाव्या वर्षी गेली हो."

"आणि अजून जिवंत आहे!" प्रोफेसर खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी बोट हलवलं. "तुम्ही अगदी लापा झालात बघा."

लापा म्हणजे संतिणीची आई. पोरीनं खावं म्हणून रडणारी, ओरडणारी, गल्ली गोळा करणारी. मंडळात लापाचं नाव निघालं की हशा ठरलेला, आणि दाराआडून वेलियाही हसत आली होती. त्या दिवशी तिला हसू फुटलं नाही. मला विचाराल, तर त्या सगळ्या कथेत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस ते एकच होतं. पण मला विचारतो कोण?

प्रोफेसरांनी जेवायला सांगितलं नाहीच, उलट नोव्हेंबरातल्या वार्षिक सभेत ओर्नेल्लाला निबंध वाचायला उभं केलं. विषय कातेरीनाचा उपवास. दिवाणखाना भरला होता. ओर्नेल्ला टेबलाला टेकून उभी राहिली, अंगात दोन स्वेटर, गाल आत गेलेले, आणि आवाज असा स्वच्छ की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोहोचावा. पाद्री डोळे मिटून ऐकत होते. एका विधवेनं रुमाल काढला. मागे भिंतीशी वेलिया कॉफीचे कप घेऊन उभी होती.

शेवटी एका मास्तरांनी गमतीनं विचारलं, "मग बिचाऱ्या लापानं करायचं तरी काय होतं?"

नेहमीचा हशा झाला. ओर्नेल्ला हसली नाही. ती थेट मागे भिंतीकडे बघत म्हणाली, "सोबत यायचं."

टाळ्या पडल्या. प्रोफेसरांनी उठून तिचा हात हातात घेतला, आणि त्या हाताकडे बघायचं मात्र ते विसरले.

वेलियानं त्या रात्री एकच विचार केला. हिला स्वतःची कीव येत नाही, आईची तरी येईल. आई डोळ्यांसमोर सुकताना बघून हिच्या पोटात कालवेल, हिचा हट्ट मोडेल. दुसरं काही तिच्या हातात उरलंच नव्हतं.

सकाळी तिनं पाव आणि घेवड्याचं दाट सूप गरम केलं. दोन ताटल्या भरल्या. ओर्नेल्ला येऊन बसली आणि सवयीप्रमाणे चमचा हातात धरून राहिली. वेलियानं आपली ताटली पुढे सरकवली.

"मी नाही खाणार. आजपासून मीपण फूल वाहिलंय."

कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. सांगायचं नसतं, आणि न सांगता पोरीला कळेल अशी तिची खात्री होती.

ओर्नेल्लाचा चमचा खाली पडला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, कितीतरी महिन्यांनी आला. ती उठली आणि तिनं आईला मिठी मारली. कपड्यांच्या आत पोर कुठे लागतच नव्हती, नुसती हाडं बोचत होती. वेलिया तिला धरून रडायला लागली. तिला वाटलं, जिंकले.

"आई," ओर्नेल्ला तिच्या कानाशी म्हणाली, "पुरं झालं की सांगता येतं ना? आता सांगते. माझं फूल तुझ्यासाठीच होतं. तू सोबत यावीस म्हणून."

"मग झालं ना पुरं?" वेलियानं तिचे खांदे धरले. "आले ना मी? आता खाशील ना, राणी? एवढंसं घे, माझ्यादेखत."

"आता कसं खाऊ गं?" ओर्नेल्ला हसली. लहानपणी हसायची तशी, सगळे दात दाखवून. "आतापर्यंत मला शंका होती. आता कळलं, ते पोहोचतं. आता आर्जियासाठी फूल वाहायचंय, मग प्रोफेसरांसाठी. आपण दोघी मिळून."

तिनं दोन्ही ताटल्या उचलल्या.

"हे खाली आर्जियाला देऊन येते," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."