मावशीनं पाहिलेली घरं

माझी मावशी लोकांना घरांबद्दल विचारायची. नगर नियोजनाच्या कचेरीत तेच तिचं काम होतं. खांद्याला पिशवी, पायांत मळके कॅनव्हासचे बूट. जिने चढून दारं वाजवायची आणि विचारायची, "घर बदलायचं झालं तर कसं घ्याल?" लोक खुलायचे. मोठ्या खिडक्या, शांतता, मुलांना खेळायला अंगण! त्या उत्तरांवरून तिचे साहेब गणित मांडायचे, कोण कुठे राहायला जाईल याचं.

त्या गणिताच्या भरवशावर शहराबाहेर अंगणाची घरं उभी राहिली आणि निम्मी रिकामीच पडली. साहेबांनी मावशीला पुन्हा त्याच लोकांकडे धाडलं. बरेचजण हलले होते, पण दोन गल्ल्या पलीकडे. कुणी बहिणीच्या शेजारी, कुणी आपल्याच दुकानाच्या वर. एक शिवणकाम करणारी बाई ओशाळून हसली. "तेव्हा मनापासूनच सांगितलं होतं हो. पण निघायची वेळ आली आणि पाय निघेना."

साहेब चिडले नाहीत. लोकांचं बोलणं आणि वागणं, दोन्ही धरून त्यांनी गणित नव्यानं मांडलं. मावशी हे सगळं आईला नकला करून सांगायची आणि दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

मावशी स्वतः एका छापखान्याच्या वर राहायची. खाली यंत्रं सुरू झाली की कपबश्या थरथरायच्या. "निवृत्त झाले की अंगणाचं घर," हे तिचं पालुपद. निवृत्त झाल्यावर मला घेऊन असं एक घर बघायला गेलीसुद्धा. ऊन, लिंबाचं झाड, चिडीचूप शांतता. ती पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

"इथून तुझ्या आईला हाक मारली तर ऐकू जाईल का गं?"

"काहीतरीच काय मावशी! बसनं तास लागतो."

"तेच म्हणते मी."

महिन्याभरात तिनं आमच्या समोरच्या इमारतीतली अंधारी जागा घेतली. "तूही त्यातलीच निघालीस!" आई चिडवायची. मावशी फणकारायची, "पुढच्या वर्षी बघच तू."

आई गेल्यावर मीच तिला म्हटलं, "आता तरी बघूया का अंगणाचं घर?"

"बघू की. बघायला काय जातंय?"

मग रविवारी आम्ही घरं बघत हिंडायचो. मालक नळ सोडून दाखवायचे. मावशी घड्याळ कुठल्या भिंतीला टांगायचं तेही ठरवून टाकायची. घर कधीच घेतलं नाही. ते रविवार मला फार आठवतात.