आईचा वाहता कान

आमच्या घरी आईचा उजवा कान वाहायचा. आजार म्हणून त्याकडे कोणी बघत नसे. देवाच्या वातींसाठी आणलेल्या कापसाचा एक बोळा ती सकाळी कानात घाली, संध्याकाळी काढून चुलीत टाकी. फारच ठणकलं तर लसूण कडकडवून तेलाचे थेंब. भिवंडीजवळच्या राहनाळात आमच्या आळीत असे कान आणखी दोन-तीन बायकांचे होते. भातशेती जाऊन तिथे गोदामं उभी राहिली, दारात टेम्पो आले, घराघरात टीव्ही आले, पण बायकांच्या कानातला कापूस काही हलला नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी मुंबईला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते आणि डोकं-मान हा शरीररचनेतला सगळ्यात छळवादी भाग चालू होता. नाक, घसा, जीभ कशीबशी पाठ झाली होती. कान मात्र डोळ्यांना दिसतच नाही, सगळा हाडाच्या आत. एके दिवशी सरांनी कानशिलाचं हाड आमच्या हातात दिलं आणि झाडूचा एक बारीक हीर त्याच्या खालच्या भोकातून आत सरकवला. "ही चेहऱ्याची नस," ते म्हणाले. "भुवई उचला, डोळा मिटा, हसा, सगळं हिच्या जोरावर. आणि ही बाई जाते कुठून? मधल्या कानाच्या भिंतीतून. वर हाडाचा पापुद्रा, काहींच्यात तोही नाही. छताच्या वर मेंदू. खोली वालाच्या दाण्याएवढी आणि शेजारी हे असे. तिथे कुजायला लागलं की पहिला त्रास शेजाऱ्यांना."

सगळे हसले, मीही हसले. मग आई आठवली आणि ठरवलं की परीक्षा झाली की तिला दाखवायला आणायचं. परीक्षा जवळ आली होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात सकाळी हॉस्टेलच्या फोनवर वडलांचा आवाज आला. ते पीसीओतून बोलत होते, मागे गाड्यांचे हॉर्न. "आयचा तोंड वाकरा झालाय. परवापासून. वारा लागलाय, घाबरू नको. आत्या तिला अकलोलीला कुंडावर नेते आज. मी पन जातो. येतेस का तू देवीच्या दर्शनाला?"

अकलोलीचं गरम पाणी म्हणजे आमच्याकडे अंगात वारं शिरल्यावरचं पहिलं औषध. लकवा असो, गुडघे असोत, खरूज असो, कुंडात बसायचं, डोक्यावरून बुडी मारायची आणि मग वज्रेश्वरीला जाऊन नारळ फोडायचा. मोठ्या आत्याचा त्यावर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. माझे वडील तिच्या हाताखाली वाढलेले, त्यामुळे तिचा शब्द घरात शेवटचा.

मी विचारलं, "कान वाहतो का तिचा?"

"न्हाय ना! चार दिवस झाले, एकदम बंद. बरा झाला कान." वडील खुशीत बोलले आणि फोन ठेवून दिला.

माझं अर्धवट ज्ञान एवढंच सांगत होतं की त्याच कानाच्या भिंतीतली ती नस आणि हा वाकडा चेहरा यांचा संबंध आहे. मी धावत कान-नाक-घशाच्या वॉर्डात गेले. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांनी माझं ऐकता ऐकता हातातला चहा खाली ठेवला. वर्षानुवर्षं वाहणारा कान एकाएकी थांबला? डोकं दुखतंय? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "घाण बाहेर यायची बंद झाली म्हणजे ती आत वाट शोधते. आजच्या आज आण. आणि कानात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नकोस."

पाण्याचा थेंब! तिला तर डोक्यासकट बुडवायला नेलं होतं. परत फोन लावावा तर घरी फोन नाही, वडलांकडे मोबाईल नाही. ठाण्याहून एसटी पकडली. नाक्यावर ट्रकांची नेहमीची रांग. कंडक्टरला मी इतक्या वेळा विचारलं की तो वैतागून म्हणाला, "ताई, मी काय ढकलत नेऊ?" भिवंडीच्या स्टँडवरून वज्रेश्वरीची गाडी मिळाली ती खचाखच. अंबाडीनंतर मोकळा रस्ता लागला, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सरांच्या हातातलं ते हाड आता मला आईचं दिसत होतं. मनातल्या मनात देवीला सांगितलं, आज गर्दी कर, त्यांना पाण्याजवळ जाऊच देऊ नकोस.

गर्दी होती. पण आत्या गर्दीला जुमानणारी नाही.

मी पोचले तेव्हा आई लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात होती. केस मोकळे सोडलेले, तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा सताड उघडा. आत्याने तिच्या मानेमागे हात घातला होता. वडील पायरीवर टॉवेल धरून उभे. मी चपलांसकट पाण्यात उतरले आणि आईच्या कानावर तळवा दाबून धरला.

"आत्या, सोड तिला! डोकं बुडवायचं नाही."

"काय झाला गो तुना?"

"तिच्या कानात रोग आहे. वारं नाही, काही नाही. दवाखान्यात न्यायचंय, आत्ता."

"डाक्टर झालीस? अजून एक वरीस न्हाय झाला. तुजी आय हाय, माजी कोन न्हाय?" आत्याचा आवाज चढला. "माज्या हाताखाली किती जना बऱ्या झाल्या, इचार सगल्यांना."

"त्यांचे कान सडके नव्हते! तुझ्या अडाणीपणाने मरेल ती!" मी ओरडले. चार गावच्या बायका अंघोळ सोडून बघत होत्या. आमच्यात आत्याला असं कोणी बोलत नाही. वडील म्हणाले, "गप बस. पाया पड तिच्या."

मी वडलांकडे पाहिलंच नाही. आईला विचारलं, "डोकं दुखतं का? खरं सांग."

आईने आधी आत्याकडे पाहिलं. मग खाली पाण्याकडे. "दुखते," ती म्हणाली, शब्द एका बाजूने सांडत. "लय दिस झाले. उठली का गरगरते. तुना काय सांगू, तुजा अभ्यास."

मला तिचा इतका राग आला की रडू फुटलं. आत्याने तिच्या मानेमागचा हात काढून घेतला आणि तिला धरून पायऱ्या चढवायला लागली. मुंबईच्या हॉस्पिटलपर्यंत जीप आत्यानेच ठरवली. देवळावरून जाताना कोणी थांबा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कानामागचं हाड कोरून कुजलेलं सगळं काढलं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की छताचं हाड झिजून गेलं होतं, मेंदूचं आवरण उघडं पडलं होतं. जीव वाचला. चेहऱ्याचं मात्र सांगता येत नाही. नस दबून सुजली आहे, हलेल किंवा नाही हलणार.

ती नाही हलली. आठवडे गेले. रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवायची, दिवसा थेंब घालायचे. ओठ एका बाजूला मिटत नव्हते, त्यामुळे प, फ, ब, म म्हणताना हवा निसटायची आणि ती शब्द गाळून बोलायला लागली. पदर तोंडावर घेऊन बसायची. आरशासमोरून जाताना मान वळवायची. मी परीक्षा दिली, पास झाले, आणि सुट्टीत घरी येऊन रोज सकाळी तिची भुवई बघत बसले. एवढं शिकून मी फक्त बघतच होते.

मग एका दुपारी आत्या सुकट घेऊन आली. ऑपरेशननंतर ती यायची, पण माझ्याशी बोलायची नाही, मीही नाही. ती ओटीवर टेकली तशी मी उठून आत निघाले. आई मासळी निवडत होती. पदर खाली घसरलेला तिच्या लक्षात नव्हता. ती रागाने माझ्यावर खेकसली:

"माफी माग आत्याची!"

मी जागच्या जागी थांबले. तिचे दोन्ही ओठ मिटले होते. पूर्ण नाही, थोडे, पण उजवा कोपरा हलला होता आणि मा, फी, मा ही तिन्ही अक्षरं धड बाहेर पडली होती. तिला स्वतःला पत्ताच नव्हता.

"परत म्हण," मी म्हटलं.

"काय परत? लाज हाय का? माफी माग!"

मी आत्याचे पाय धरले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. आत्या बिचारी घाबरून म्हणत राहिली, "आगो पुरे, मना राग न्हाय, पुरे," आणि आईला वाटलं, एवढ्या दिवसांनी पोरीला अक्कल आली.